रॉकिंगहॅमच्या गावाला: घोडे, मनोरे आणि सव्वा वर्षाचा पंतप्रधान

शुक्रवार, शेफील्ड

आधी हा रॉकिंगहॅम कोण ते सांगते, कारण सुट्टी टाकून त्याच्या गावाला चाललेय म्हणल्यावर ऑफिसातल्या पक्क्या यॉर्कशायरवाल्यांनाही पटकन आठवेना, मग एकजण म्हणाला, "हां, तो घोड्याच्या चित्रवाला!" तर चार्ल्स वॉटसन-वेंटवर्थ, दुसरा मार्क्वेस ऑफ रॉकिंगहॅम, जन्म १७३०, दोनदा ब्रिटनचा पंतप्रधान, आणि दोन्ही वेळचे दिवस एकत्र केले तरी सव्वा वर्षाच्या थोडंच वर जातं. मला त्याचा शोध लागला तो आपल्याकडूनच. सालबाईचा तह १७ मे १७८२ चा, हे आपण सगळ्यांनी पाठ केलंय, महादजी, रघुनाथराव, हेस्टिंग्ज ही नावंही तोंडावर असतात, पण त्या दिवशी लंडनात खुर्चीवर कोण बसलं होतं हे आपल्या पुस्तकात नव्हतं. एकदा सहज बघितलं तर हा. आणि त्याचं घर माझ्या चुलतभावाच्या घरापासून गाडीने अर्ध्या तासावर! मग काय, दादाला फोन केला, म्हणलं येतेय.

सकाळी लीड्सहून ट्रेनने शेफील्डला उतरले आणि सरळ शेफील्ड अर्काइव्ह्ज गाठलं. रॉकिंगहॅमचे कागद इथे आहेत, त्याचे आणि त्याचा सेक्रेटरी एडमंड बर्क याचेही. आधी नाव नोंदवायचं, बॅग बाहेर ठेवायची, पेन चालत नाही फक्त पेन्सिल. संग्रह प्रचंड आहे, कारण या घराण्याने बहुतेक काहीच फेकून दिलेलं नाही, जमिनीचे कागद, भाडेकऱ्यांचे हिशोब, कोळशाच्या खाणी, शर्यतीचे घोडे, आणि त्यातच मधेच पार्लमेंटचं राजकारण. माझ्या अर्ध्या दिवसात काय वाचून होणार, पण तरी जाऊन आले ते बरं झालं, कारण एक गोष्ट डोक्यात बसली, ती म्हणजे या लोकांना राजकारण आणि घरचा कारभार असे दोन वेगळे कप्पे नव्हतेच. जमीन होती म्हणून भाडं येत होतं, भाडं होतं म्हणून मतदार हातात होते, मतदार होते म्हणून खासदार, आणि खासदार होते म्हणून राजाला याला विचारावं लागत होतं. वर्षाचं उत्पन्न वीस हजार पौंडांच्या आसपास सांगतात, यॉर्कशायर, नॉर्दम्प्टनशायर आणि आयर्लंडातली विकलो नावाची काउंटी अशा तिन्हीकडच्या जमिनींचं मिळून. त्या काळात मजुराला वर्षाला वीस पौंड मिळाले तरी खूप, यावरून कल्पना करा.

संध्याकाळी दादाकडे. वहिनीने पिठलं-भात केला होता. दादाचं पहिलं वाक्य, "अगं, लोक यॉर्कशायरमधे डोंगर बघायला येतात, तू पंतप्रधान बघायला आलीस?" पण उद्या गाडी चालवायला तोच तयार झाला, त्याला जुनी बांधकामं आवडतात.

शनिवार, वेंटवर्थ वुडहाऊस

घराबद्दल ऐकलं होतं पण समोर उभं राहिल्यावर मी आणि वहिनी दोघी गप्पच झालो. पूर्वेकडची बाजू ६०६ फूट लांब. युरोपातल्या खासगी घरांमधे एवढी लांब दर्शनी बाजू दुसरी नाही असं इथले लोक अभिमानाने सांगतात. मोबाईलच्या एका फोटोत मावत नाही, पॅनोरमा काढला तर वाकडं येतं, शेवटी दादा मागे चालत चालत हरणांच्या कुरणापर्यंत गेला तेव्हा कुठे बसलं. खोल्या तीनशेच्या वर. पाहुण्यांना आपली खोली सापडावी म्हणून रंगीत कागदाचे तुकडे भरलेली डबी द्यायचे, जाताना टाकत जायचे आणि येताना तेच बघत यायचं, ही गोष्ट गाईड लोक रंगवून सांगतात, खरी की खोटी ते सोडा, पण आत दहा मिनिटं फिरल्यावर कुणालाही पटेल.

गंमत म्हणजे हे एक घर नाही, पाठीला पाठ लावलेली दोन घरं आहेत. पश्चिमेकडचं विटांचं, जुन्या बरोक पद्धतीचं, आणि पूर्वेकडचं दगडी, खांबांचं. दोन्ही रॉकिंगहॅमच्या वडलांच्या हौसेची, पूर्वेकडच्या कामात आर्किटेक्ट हेन्री फ्लिटक्रॉफ्ट. पहिलं पुरतं होतंय तोवर फॅशन बदलली म्हणून दुसरं काढलं! आपल्याकडे कुणी वाडा बांधता बांधता असं केलं असतं तर भाऊबंदांनी कोर्टात खेचलं असतं. पण इथे भाऊबंदच उरले नव्हते, चार्ल्स हा पाचवा मुलगा, आधीचे चारही लहानपणीच गेले, आणि डिसेंबर १७५० मधे वडील वारले तेव्हा विशीतल्या या पोराकडे हे सगळं आलं.

मार्बल सलून बघाच. ६० फूट बाय ६० फूट, उंची ४०. भिंतीतल्या कोनाड्यांत पुतळे. चार्ल्स तरुणपणी त्या वेळच्या श्रीमंत पोरांसारखा युरोप फिरायला गेला होता, तेव्हा रोम आणि फ्लॉरेन्सला घरासाठी शिल्पांच्या ऑर्डरी देऊन आला. पुढे नोलेकन्स नावाच्या शिल्पकाराकडून त्याने व्हीनस, मिनर्व्हा, जूनो अशा देव्या करून घेतल्या, त्या आता अमेरिकेत गेटी म्युझियममधे आहेत. या घरातलं बरंच काही असं बाहेर गेलंय. म्हणून आतून फिरताना थोडं रिकामं रिकामं वाटतं, काही खोल्या चकाचक आणि काहींचं प्लास्टर उडालेलं, मला ते उलट आवडलं, सगळं पॉलिश केलेलं असतं तर हॉटेल वाटलं असतं.

व्हिसलजॅकेट (हे त्या चित्रातल्या घोड्याचं नाव) रूममधे त्या घोड्याचं चित्र आहे पण ते कॉपी, खरं लंडनला. त्याबद्दल मंगळवारी.

रॉकिंगहॅमच्या बायकोबद्दल थोडं सांगायलाच हवं. मेरी ब्राइट, लग्न १७५२ मधे. मूल झालं नाही. पण नवऱ्याच्या राजकारणात पूर्ण गुंतलेली, कुणाला कधी बोलवायचं, कुणाला काय लिहायचं यात तिचा सल्ला असायचा. नवऱ्याला सभेत बोलायची प्रचंड भीती. लॉर्ड्स सभागृहात तो उठून बोललाय असे प्रसंग त्याच्या विरोधकांनी बोटावर मोजले असतील! पंतप्रधान, आणि भाषण करायला घाबरतो. आजच्या काळात हा माणूस एका आठवड्यात टीव्हीवर संपला असता.

तरी तो टिकला कसा, तर माणसं धरून. १७६५ च्या जुलैत राजा तिसऱ्या जॉर्जचं आपल्या पंतप्रधानाशी, ग्रेनव्हिलशी फाटलं, थोरल्या पिटने यायला नकार दिला, तेव्हा राजाच्या काकांनी म्हणजे ड्यूक ऑफ कंबरलंडने घोड्यांच्या शर्यतीतल्या आपल्या ओळखी गोळा करून सरकार बनवलं. रॉकिंगहॅम तेव्हा ३५ वर्षांचा, याआधी मंत्रीपद कधी नाही. लोक चेष्टा करायचे की हे जॉकी लोकांचं सरकार आहे. त्यात कंबरलंड ऑक्टोबरच्या शेवटी अचानक वारला, म्हणजे ज्याच्या जोरावर आले तोच गेला.

आणि नेमका तेव्हा अमेरिकेत स्टँप अ‍ॅक्टवरून गदारोळ. कागदपत्र, वर्तमानपत्र, अगदी पत्त्यांच्या कॅटवरही कर, तिकडच्या लोकांनी इंग्लंडचा माल घेणं बंद केलं. रॉकिंगहॅमने इथे डोकं चालवलं ते मला फार आवडलं. स्वतः बोलता येत नाही ना, मग लंडन, ब्रिस्टल, लिव्हरपूल, लीड्स, मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांना अर्ज करायला लावले की आमचा धंदा बुडतोय. बेंजामिन फ्रँकलिनची पार्लमेंटपुढे साक्ष झाली. आणि फेब्रुवारी १७६६ मधे कॉमन्समधे २७५ विरुद्ध १६७ मतांनी कर रद्द करायचं ठरलं, मार्चमधे कायदा झाला. अर्थात सोबतच दुसरा कायदा पास केला की पार्लमेंटला अमेरिकेवर कुठल्याही बाबतीत कायदे करायचा पूर्ण हक्क आहे. एका हाताने दिलं आणि दुसऱ्या हाताने हक्क राखून ठेवला. जुलैत राजाने त्याला घालवून पिटला आणलं.

आता मला खटकलेलं. १७७३ मधे आयर्लंडात प्रस्ताव आला की जे जमीनदार इंग्लंडात राहून आयर्लंडचं भाडं खातात त्यांच्यावर कर लावावा. विरोधात सगळ्यात पुढे कोण? आमचे हे साहेब! बर्कच्या लेखणीची मदत घेऊन, आणखी चार लॉर्ड सोबत घेऊन सरकारला निषेधाचं पत्र, आणि प्रस्ताव बारगळला. अमेरिकेच्या कराचं दुःख समजलं, विकलोच्या कुळांचं नाही समजलं. दादाला हे सांगितलं तर म्हणाला, "स्वतःच्या खिशाचं तत्त्वज्ञान वेगळंच असतं गं."

जेवण गवतावर, वहिनीने दशम्या, लसणाची चटणी आणि उकडलेली अंडी आणली होती. मग तबेला. होय, तबेला ही इथे वेगळी बघायची गोष्ट आहे, जॉन कार नावाच्या यॉर्कशायरच्या आर्किटेक्टने १७६८ पासून बांधायला घेतला, ८४ घोड्यांसाठी, मधे मोठं चौकोनी अंगण. आमच्या सोसायटीच्या तिन्ही बिल्डिंगी त्यात बसतील.

पश्चिमेकडे गेलात तर एक गोष्ट लक्षात ठेवा. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४६ मधे मंत्री मॅनी शिनवेल यांनी इथल्या पार्कात उघडी कोळसा खाण काढायला लावली, खोदाई पार घराच्या जवळ आली, बागेतली झाडं गेली. विरोध करणाऱ्यांत खाण कामगारांची युनियनही होती, हे मला अनपेक्षित होतं. नंतर तीसेक वर्षं घरात मुलींचं शारीरिक शिक्षणाचं कॉलेज चाललं, मग खासगी मालक, आणि २०१७ मधे एका ट्रस्टने ७० लाख पौंडांना घेतलं. एवढ्यात लंडनला बरा फ्लॅट येतो फक्त, पण दुरुस्तीचा खर्च ऐकलात तर कुणी फुकट घेणार नाही.

रविवार, मनोऱ्यांचा दिवस

वेंटवर्थ गाव छोटंसं, घरांची दारं-खिडक्या बहुतेक एकाच गडद हिरव्या रंगाच्या, कारण मालक एकच, इस्टेट. पबचं नाव रॉकिंगहॅम आर्म्स. सकाळी पाऊस, मग वहिनी म्हणाली आधी चहा. चहात तासभर गेला, पाऊस थांबला.

या घराण्याला एक खोड होती, मनात आलं की मनोरा बांधायचा. आजूबाजूच्या टेकड्यांवर अशी तीन-चार बांधकामं आहेत आणि प्रत्येकामागे राजकारण आहे. हे समजायला मला प्रत्यक्ष चालावं लागलं. आधी वाटत होतं हौस असेल. हौस नाही, जाहिरात आहे ती.

नीडल्स आय लहान, पिरॅमिडसारखं टोकदार आणि मधून कमान. गोष्ट अशी की रॉकिंगहॅमने पैज लावली, सुईच्या नेढ्यातून घोडागाडी नेऊन दाखवतो, आणि मग ही कमान बांधून त्यातून नेली. पुरावा काही नाही, पण त्याच्या स्वभावाला शोभते. कारण दुसरी पैज मात्र नोंदलेली आहे, १७५६ मधे त्याने आणि लॉर्ड ऑरफर्डने ५०० पौंडांची पैज लावली, पाच टर्की विरुद्ध पाच बदकं, नॉरिचपासून लंडनपर्यंत चालत! लेखक होरेस वॉलपोलने पत्रात लिहून ठेवलंय (बदकं म्हणजे ती मोठी, हंसाच्या जातीची). शंभर मैलांच्या वर अंतर आहे. मजुराच्या पंचवीस वर्षांच्या कमाईची पैज कोंबड्या-बदकांवर.

दुपारी हूबर स्टँड. त्रिकोणी, वर निमुळता होत जाणारा, साधारण ९८ फूट, त्यामुळे काही बाजूंनी बघितलं तर पडतोय की काय वाटतं. १७४६ ते ४८ मधे वडलांनी बांधला, कारण १७४५ चं जॅकोबाइट बंड, म्हणजे जुन्या स्टुअर्ट राजघराण्याला परत गादीवर बसवू पाहणाऱ्यांचं बंड, मोडलं. स्टुअर्ट घराण्याचा चार्ली स्कॉटलंडहून सैन्य घेऊन डर्बीपर्यंत आला होता, हे डर्बी इथून काही लांब नाही. व्हिग (रॉकिंगहॅमचा राजकीय गट) घराण्यांची सगळी इस्टेट गादीवरच्या हॅनोव्हर घराण्याच्या राजावर उभी, तो गेला असता तर हेही गेले असते, म्हणून मनोरा बांधून राजाला दाखवलं की आम्ही तुमचेच. आणि पोरगा चार्ल्स, तेव्हा १५ वर्षांचा, डिसेंबरच्या थंडीत घरी न सांगता एक नोकर बरोबर घेऊन घोड्यावरून थेट कार्लाइलला पळाला, कंबरलंडच्या फौजेत सामील व्हायला. आईवडलांचा जीव टांगणीला, पण मनातून खूश झाले असणार. वीस वर्षांनी ह्याच कंबरलंडने त्याला पंतप्रधान केलं.

आत गोल जिना, दीडशेच्या आसपास पायऱ्या, अंधार. मी आणि दादा चढलो, वहिनी खाली. वर वारा इतका की टोपी धरून ठेवावी लागली. एका बाजूला रॉदरहॅमचे कारखाने, एका बाजूला शेतं, लांब एम्ली मूरचा टीव्ही टॉवर. या सगळ्या जमिनीखाली कोळसा. वरून बघताना हे घराणं एवढं श्रीमंत का याचं उत्तर दिसतं, आणि शंभर-दीडशे वर्षांनी तो कोळसा काढणारी गावंही दिसतात.

केपल्स कॉलम दुसऱ्या टेकडीवर, ११५ फुटी खांब. याची कहाणी मला सगळ्यात जास्त आवडली. रॉकिंगहॅम तेव्हा विरोधी पक्षात, म्हणजे १७६६ ला गेला तो १७८२ पर्यंत बाहेरच, सोळा वर्षं. त्याचा मित्र अ‍ॅडमिरल केपल १७७८ मधे उशांतच्या लढाईत फ्रेंचांशी लढला, निकाल धड लागला नाही, मग त्याच्याच हाताखालच्या पॅलिसरने आरोप केले आणि केपलवर कोर्ट मार्शल. पॅलिसर सरकारच्या गोटातला, केपल विरोधी गोटातला, म्हणजे खटला समुद्राचा कमी आणि पार्लमेंटचा जास्त. रॉकिंगहॅम स्वतः पोर्ट्समथला जाऊन सुनावणीला बसला. फेब्रुवारी १७७९ मधे केपल निर्दोष सुटला. आणि इकडे घरी १७७३ पासून एक खांब अर्धवट बांधून होताच, तो केपलच्या नावाने पूर्ण केला! मूळ बेत १५० फुटांचा, त्या हिशोबाने मधे फुगवटा ठेवला, मग उंची कमी केली, म्हणून खांबाचं पोट सुटलेलं दिसतं. दादा म्हणाला, "बजेट संपलं की आर्किटेक्ट असंच करतात."

मग मॉसोलियम. नावाने कबर वाटते पण तो इथे पुरलेला नाही. रॉकिंगहॅम १ जुलै १७८२ ला विंबल्डनला वारला, पंतप्रधान असतानाच, इन्फ्लुएंझा, वय ५२. त्या वर्षी युरोपभर साथ होती. भाचा अर्ल फिट्झविल्यम याच्याकडे इस्टेट गेली आणि त्याने मामासाठी हे बांधलं, जॉन कारकडूनच, तीन मजली, ९० फूट, चार कोपऱ्यांना चार ओबेलिस्क, म्हणजे टोकदार दगडी खांब. आत मधोमध नोलेकन्सने केलेला रॉकिंगहॅमचा पूर्ण पुतळा, गार्टर या मोठ्या मानाच्या किताबाच्या झग्यात, हात थोडा पुढे, जणू आता बोलणार. (नाही बोलणार.) भोवती भिंतीत आठ मित्रांचे अर्धपुतळे, बर्क, चार्ल्स जेम्स फॉक्स, केपल, सर जॉर्ज सॅव्हिल, ड्यूक ऑफ पोर्टलंड, लॉर्ड जॉन कॅव्हेंडिश, फ्रेडरिक मॉन्टेग्यू आणि जॉन ली. खालचा लेख बर्कचा.

इथे मी बराच वेळ बसले. राजांच्या समाध्यांवर सिंह असतात, देवदूत असतात, रडणाऱ्या बायका असतात. इथे पक्षाची कार्यकारिणी बसवलीय! सोळा वर्षं सत्तेबाहेर राहून ही टोळी फुटली नाही, एकेकट्याला राजाने पदं दाखवली तरी बरेचसे गेले नाहीत, आणि एका तत्त्वावर जमलेली माणसं म्हणजे पक्ष हा विचार बर्कने याच दिवसांत मांडला. बोलणारे बर्क आणि फॉक्स, पण त्यांना एका टेबलाशी बसवून ठेवणारा हा मुखदुर्बळ माणूस. माझं मत असं की त्याची हुशारी तीच होती, बाकी बाबतीत तो बेताचाच.

सोमवार, डॉनकास्टर, माल्टन, यॉर्क

दादाने सुट्टी टाकली. डॉनकास्टर नुसतं वाटेत लागलं पण सांगते, सेंट लेजर ही प्रसिद्ध शर्यत इथली, १७७६ मधे पहिल्यांदा झाली तेव्हा जिंकणारी घोडी रॉकिंगहॅमची, अलाबाक्युलिया. तेव्हा शर्यतीला नाव नव्हतं, दोन वर्षांनी जेवणावळीत नाव ठरलं ते कल्पना काढणाऱ्या अँथनी सेंट लेजरचं, आणि रॉकिंगहॅमनेच ते सुचवलं म्हणतात. नाहीतर आज लोक रॉकिंगहॅमवर पैसे लावत असते.

माल्टन आता खाण्यापिण्यासाठी प्रसिद्ध, चीज, ब्रेड, बाजारचौकात दुकानं. वहिनी खूश. मी आले ती वेगळ्या कारणाने. हे छोटंसं गाव पार्लमेंटमधे दोन खासदार पाठवायचं आणि ते दोन कोण ते रॉकिंगहॅम ठरवायचा, कारण घरं त्याची, मतदार त्याचे भाडेकरू. बर्क १७८० मधे ब्रिस्टलला पडणार हे दिसल्यावर त्याने माघार घेतली, आणि रॉकिंगहॅमने त्याला इथून निवडून आणलं. पुढे १७९४ पर्यंत तो माल्टनचाच खासदार. म्हणजे वॉरन हेस्टिंग्जवर खटला चालवणारा, रोहिल्यांचा, अवधच्या बेगमांचा विषय काढून लंडनमधे तासन् तास बोलणारा बर्क या बाजारचौकातून निवडून गेला होता, इथल्या किती जणांना अवध कुठे आहे ते माहीत असेल देव जाणे.

आणि आपला धागा. १७८१ मधे रघुनाथरावांनी, म्हणजे आपल्या राघोबादादांनी इंग्लंडला वकील, म्हणजे आपला दूत पाठवला, हनुमंतराव नावाचा ब्राह्मण, सोबत दोन पारशी. समुद्र ओलांडून ब्राह्मण, त्या काळात! लंडनमधे त्याचे खाण्यापिण्याचे, सोवळ्याचे हाल झाले, तेव्हा बर्कने त्यांना बीकन्सफिल्डच्या आपल्या घरी नेलं आणि बागेतलं काचघर दिलं, की इथे तुमच्या पद्धतीने रांधा, पूजा करा. मला हे चित्र डोळ्यांसमोरून हलत नाही, इंग्लिश बागेत झाडांच्या कुंड्यांमधे हनुमंतराव सोवळं नेसून भात शिजवतोय. दुसऱ्या वर्षी मार्च १७८२ मधे अमेरिकेचं युद्ध हरल्यामुळे पंतप्रधान लॉर्ड नॉर्थचं सरकार पडलं, रॉकिंगहॅम परत आला, अमेरिकेचं स्वातंत्र्य अडवायचं नाही ही अट राजाला घालूनच. मे महिन्यात सालबाईला तह झाला, राघोबादादांची बाजू इंग्रजांनी सोडली. पण बातमी जहाजाने यायला पाच-सहा महिने लागायचे, तेव्हा रॉकिंगहॅमला हे कळलंच नसणार, त्याआधीच तो गेला. ९६ दिवसांचं सरकार. त्यात सरकारी ठेकेदारांना खासदार व्हायला बंदी, महसूल कर्मचाऱ्यांच्या मताचा हक्क काढून घेणं, राजाच्या खर्चाला कात्री, हे सगळं मार्गी लावलं. ज्याच्या खिशात माल्टन आहे तो भ्रष्टाचार साफ करतोय, हसू येतं, पण राजाकडची लाच त्यांना लाच वाटायची आणि स्वतःकडची वाटायची नाही.

यॉर्कला पोचायला दुपार झाली. नेव्ह्झमायर म्हणजे रेसकोर्स, इथे पूर्वी फाशी द्यायचे, डिक टर्पिन दरोडेखोराला १७३९ मधे इथेच दिली. १७५० च्या दशकात इथे प्रेक्षकांसाठी पक्की दगडी गॅलरी बांधली, वर्गणीत रॉकिंगहॅम पुढे, डिझाइन तरुण जॉन कारचं, त्याच्या करिअरची सुरुवातच तिथून. ऑगस्ट १७५९ मधे इथेच व्हिसलजॅकेट ब्रुटस नावाच्या घोड्याशी पळाला, चार मैल, २००० गिनी, आणि जिंकला.

मिन्स्टर म्हणजे यॉर्कचं मोठं चर्च, तिथे घराण्याचं दफनाचं तळघर आहे, रॉकिंगहॅम तिथे पुरलाय. वर मोठं संगमरवरी स्मारक दिसतं ते त्याच्या आजोबांचं. अपत्य नसल्याने मार्क्वेसचा किताब त्याच्याबरोबरच संपला. दादा-वहिनीला इथेच टाटा केला, त्यांना अंधार पडायच्या आत परतायचं होतं, मी लंडनची ट्रेन धरली.

मंगळवार, लंडन

सकाळी ग्रॉव्हनर स्क्वेअर. त्याचं लंडनचं घर ४ नंबरला होतं, व्हिग मंडळींच्या बैठकी इथे. ती इमारत राहिली नाही, एकोणिसाव्या शतकात नवी बांधली, आता तिथे इटलीच्या राजदूताचं निवासस्थान. बाहेरून बघून निघाले, तिथे थांबण्यासारखं काही नाही.

मग नॅशनल गॅलरी. जॉर्ज स्टब्सने १७६२ च्या सुमाराला काढलेला व्हिसलजॅकेट. जवळजवळ तीन मीटर उंच, अडीच मीटर रुंद, मागे झाड नाही, आकाश नाही, स्वार नाही, नुसता पिवळट रंग आणि त्यावर मागच्या पायांवर उठलेला तांबूस घोडा, डोळा थेट आपल्याकडे. काहीजण म्हणायचे की वर राजा बसवायचा होता, मग रॉकिंगहॅमचं राजाशी बिनसलं म्हणून घोडा एकटा राहिला. मला पटत नाही, कारण त्याच वेळी स्टब्सने त्याच्यासाठी घोड्या आणि शिंगरांचंही चित्र असंच मोकळ्या पार्श्वभूमीवर काढलं, आवडच तशी असणार. पण १७६२ च्या शेवटी त्याने खरंच दरबारातलं पद सोडलं आणि राजाने त्याला यॉर्कशायरच्या पदांवरून काढलं, त्यामुळे गोष्ट रंगली. आणखी एक सांगतात की घोड्याने स्वतःचं चित्र बघितलं आणि दुसरा घोडा समजून अंगावर धावला. हे मात्र चित्रापुढे उभं राहून थोडं खरं वाटतं.

१९९७ मधे गॅलरीने हे १ कोटी १० लाख पौंडांना घेतलं. आख्खं वेंटवर्थ वुडहाऊस वीस वर्षांनी ७० लाखांना गेलं. घरापेक्षा घोडा महाग! दादाला फोटोसकट पाठवलं, त्याचं उत्तर आलं, "घराचं छप्पर गळतं, घोड्याचं नाही."

कुणी जाणार असाल तर: हूबर स्टँड आणि मॉसोलियम आतून बघायचं तर उन्हाळ्यातला रविवार दुपारचाच धरा, एरवी कुलूप असतं. वुडहाऊसची टूर आधी बुक करा, नुसती बाग बघून परत येऊ नका. मनोऱ्यांमधे चालत जायचं तर चिखलाचे बूट हवेत, पायवाटा शेतांमधून जातात. लहान मुलं असतील तर तबेला आणि हरणं पुरतात, अर्काइव्ह्जच्या भानगडीत पडू नका. आणि नॅशनल गॅलरी फुकट आहे, शुक्रवारी रात्री उशिरापर्यंत उघडी असते, गर्दी कमी.